बेबीज गॉट अ टेम्पर

‘बेबीज गॉट अ टेम्पर’ हे द प्रॉडिजी या इंग्लंडमधील इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाचे एकल गीत असून ते एक्सएल रेकॉर्डिंग्ज या कंपनीने १ जुलै २००२ रोजी प्रकाशित केले. ‘द फॅट ऑफ द लँड’ (१९९७) हा समूहाचा संग्रह ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. त्यानंतर बराच काळ नवे काही आले नव्हते, त्यामुळे या गीताकडे पुनरागमन म्हणूनच पाहिले गेले. ब्रिटनच्या विक्रीसूचीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेले.

गीताची मूळ रचना गायक कीथ फ्लिंट यांनी आपल्या स्वतंत्र वाद्यवृंदासाठी केली होती. समूहाचे संगीतकार लियम हॉलेट यांनी तिला प्रॉडिजीच्या ध्वनीत बसवले. त्यासाठी त्यांनी समूहाच्याच ‘फायरस्टार्टर’ (१९९६) या गाजलेल्या गीताचा ध्वन्यंश, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा तुकडा, वापरला आणि येथेच रचनेचा दुबळेपणा उघड होतो, कारण वेगळे काही ऐकायला उत्सुक असलेल्या श्रोत्याला जुन्याच आक्रमकतेचा पुनरुच्चार मिळाला.

या गीतावर आक्षेप घेतले गेले आणि वाद झाला; त्याचे मूळ मात्र शब्दांत होते. गीतात रोहिप्नॉल या औषधाचा उल्लेख आवडीची वस्तू असावी तसा पुनःपुन्हा येतो. फ्लुनिट्राझेपाम हे त्याचे रासायनिक नाव. झोपेसाठी दिले जाणारे हे बेंझोडायझेपिन या शामक गटातील औषध स्मृती पुसट करते, आणि पेयात मिसळून स्त्रियांवर अत्याचार करण्यासाठी त्याचा गैरवापर झाल्याने अमेरिकेत १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पेयात मिसळलेली गोळी ओळखता यावी म्हणून उत्पादक रोश कंपनीने तिच्यात निळा रंगही घातला. एखाद्या गीतातील निवेदक म्हणजे कवी नव्हे, हा बचाव तत्त्वतः मान्य करता येतो. परंतु येथे त्या निवेदकाला प्रश्न विचारणारा दुसरा आवाज नाही, आणि ज्यांच्यावर या औषधाचा प्रयोग झाला त्यांची जाणीवही नाही. म्हणून आक्षेप केवळ सोवळेपणातून आले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मुंबईत खासगी एफएम केंद्रे गीत प्रकाशित झाले त्याच वर्षी, २००२ मध्ये, सुरू झाली आणि त्यांचे प्रक्षेपण ठाणे, वाशी, नेरूळपर्यंत ऐकू येऊ लागले. या केंद्रांवर आकाशवाणीची कार्यक्रम संहिता बंधनकारक असल्याने अशा शब्दांना तेथे वाव मिळणे अवघडच होते. भारतात फ्लुनिट्राझेपामचा समावेश १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील मनःप्रभावी द्रव्यांत होतो. पुढे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचे डच डीजे मार्टिन गॅरिक्स यांचा कार्यक्रम झाला, तर त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबई पोलिसांनी नशामुक्तीचे अभियान सुरू केले होते. इलेक्ट्रॉनिक संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या येथील तरुण श्रोत्यांसमोर म्हणूनच या गीताने उभा केलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

या अनुभवानंतर हॉलेट यांनी तोवरचे काम बाजूला सारून संगणकावरील रीझन या आज्ञावलीच्या साहाय्याने नव्याने रचना सुरू केली. त्यातून आलेल्या ‘ऑलवेज आउटनंबर्ड, नेव्हर आउटगन्ड’ (२००४) या संग्रहात हे गीत नाही. निवडक एकल गीतांच्या ‘देअर लॉ’ (२००५) या संकलनाच्या ध्वनिमुद्रिकांतूनही ते वगळण्यात आले.