सोबतीला माणूस लागतो, हे सिद्ध कोणी करायचं?

पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला मार बसून कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान तिथे राहतात. अशा माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन-अडीच तासांनी कुशीवर वळवावं लागतं. घरी राहिला तर हे काम बायको किंवा आई करते. याच गरजेसाठी अपंगत्व पेन्शनीवर वेगळा भत्ता आहे, कागदोपत्री 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स'. १९९६ पासून तो महिना ६०० रुपये होता, सहाव्या वेतन आयोगाने ३,००० केला आणि १ जुलै २०१७ पासून तो ६,७५० झाला. एवढ्यात दिवसरात्रीचा माणूस मिळत नाही, ते सोडा.

अपंगत्व १०० टक्के हवं, मेडिकल बोर्डाची, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची, शिफारस हवी. सरकारी खर्चाने रुग्णालयात असाल तेवढे दिवस भत्ता बंद. पण खरी अडचण त्याही आधीची आहे. दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, असा शेरा बोर्डाने मारला की मूळ पेन्शनच जाते, मग भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. या शेऱ्याला फौजी 'नाना' म्हणतात, 'नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड' या त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

गंमत म्हणजे या पेन्शनीचे १९८२ चे नियम जवानाच्याच बाजूचे होते. भरतीच्या वेळी तंदुरुस्त ठरलेला माणूस पुढे आजारी पडला तर आजार नोकरीतला धरायचा, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. प्रत्यक्षात बोर्डं 'उपजत विकार' एवढं लिहून मोकळी होत. दाद मागायची तर पहिलं अपील आणि दुसरं अपील, दोन्ही संरक्षण खात्याच्याच समित्यांपुढे. त्यापुढे तेव्हा उच्च न्यायालय, म्हणजे वकिलाचा खर्च आणि वर्षानुवर्षं तारखा.

कोर्ट मार्शलच्या, म्हणजे लष्करी न्यायालयाच्या, निकालाविरुद्ध एकही अपील नाही, ही खंत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच पृथीपाल सिंग बेदी खटल्यात बोलून दाखवली होती. १९९९ मध्ये विधी आयोगाने स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली, २००७ मध्ये कायदा झाला, ऑगस्ट २००९ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं. पेन्शनीचे दावेही त्याच्याच कक्षेत आले. महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांसाठी त्याचं मुंबई खंडपीठ आहे.

कलाटणी दिली ती २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने. सिग्नल कोअरमधला हा शिपाई १९८५ ला भरती झाला, १९९४ मध्ये फेफऱ्याचं कारण देऊन त्याला २० टक्के अपंगत्वावर घरी पाठवलं, पेन्शन नाकारली. भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणं दिली नव्हती. पुराव्याचा बोजा सरकारवरच, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. तरीही खातं जवानांनी जिंकलेल्या खटल्यांवर वर अपिलं करतच राहिलं. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी तज्ज्ञांची समिती नेमली ती खटले कमी करण्यासाठीच.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आणि माजी सैनिकांनी त्यांवर जोरदार टीका केली. ते त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांना लागू आहेत. म्हणून अपील लिहायला बसणारा जाणता माणूस आधी डिस्चार्ज बुकावरची, म्हणजे नोकरीतून सुटल्याच्या पुस्तिकेवरची, तारीख बघतो, आजाराचं नाव नंतर.