माणची कोळपणी, वाळव्याचं पाचट

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यामुळे नांगरट चांगली की वाईट, म्हणजे रान उकरावं की न नांगरता पिकाची धाटं-पाला वर पसरून ठेवावा, हा वाद तालुक्याचं नाव घेतल्याशिवाय घालण्यात अर्थ नाही.

जावळी-पाटणच्या भातखाचरात चिखलणी करतात, म्हणजे मातीची कणरचना मुद्दाम मोडतात. पोकळ्या बुजल्या की पाणी झिरपायचं कमी होतं, भाताला तेच हवं असतं. माण, आटपाडी, जतच्या शाळवाच्या (रब्बी ज्वारीच्या) रानात नेमकं उलटं. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून पाणी मुरवायचं, मग साठलेल्या ओलीवर पीक काढायचं. काळं रान वाळलं की भेगाळतं आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळप्यानं, म्हणजे पिकाच्या ओळींमधून फिरवायच्या अवजारानं, वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात, खालून पाणी वर चढवणाऱ्या केशनळ्या तुटतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ ते यासाठीच.

मग या रानावर धाटांचंच आच्छादन का नाही? कारण धाटं, म्हणजे ज्वारीचा कडबा, आधीच खिलार बैलांच्या नावावर लिहिलेली असतात. दुष्काळी वर्षात कडबा जमिनीवर पसरा म्हणणाऱ्याला गावात चहासुद्धा मिळायचा नाही. रानात उरतात ती धसकटं, आणि मेंढरं बसवली तर लेंडीखत.

वाळवा, पलूस, कराडच्या ऊसपट्ट्यात गणित बदलतं. उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढं, जनावरांना जातं, पण पाचट, म्हणजे वाळलेला पाला, ती फारशी खात नाहीत. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट पडतं आणि पुष्कळ ठिकाणी त्याला काडी लागते. पाचटात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे 10 टनांत 50 किलो, दोन पोत्यांहून जास्त युरियाइतकं. जाळल्यावर त्यातलं बहुतेक धुरासोबत जातं, पालाश तेवढं राखेत राहतं.

नुसतं ठेवून मात्र भागत नाही. पाचटात कार्बन भरपूर, नत्र तोकडं. ते कुजवणारे जीवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून ओढतात आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) पिवळा पडतो. म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जीवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, बगला (सरीच्या वरंब्यांच्या कडा) फोडायच्या नाहीत, खत पहारीनं भोकं पाडून द्यायचं. बिननांगरणीची शेती ती हीच. आपल्याकडे तिला खोडव्याचं पाचट व्यवस्थापन म्हणतात, एवढंच.

कृष्णाकाठच्या खारवट रानांत केशनळ्यांतून पाण्याबरोबर क्षारही वर येतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पाचटाखाली बाष्पीभवन मंदावल्यानं हा चढ कमी होतो. पण मुळांशी तुंबलेलं पाणी पाचट हटवत नाही. तिथे निचऱ्याचे चर खणावे लागतात, नाहीतर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकावे लागतात, आणि ते काम एकट्याच्या बांधापुरतं करून उपयोग नसतो, कारण पाणी शेवटी खालच्याच्या रानात उतरतं.