धूर तोच, हवा वेगळी

शहरातील वाहने, कारखाने आणि चुली रोज साधारण तेवढेच प्रदूषक बाहेर टाकत असल्या, तरी आपल्या श्वासातील त्यांचे प्रमाण एका दिवसात कित्येक पटींनी बदलू शकते. कारण ते किती हवेत विरतील, हे हवामान ठरवते.

ऊन तापले की जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि धूरही सोबत नेते. उन्हाळ्यातील दुपारी ही सरमिसळ दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकते. हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवा गारठते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा तो थर भेदू शकत नाही, त्यामुळे सगळा धूर शंभर-दोनशे मीटरच्या आतच कोंडतो. बाकी सारे तसेच राहून ही उंची निम्मी झाली, तर प्रदूषकांचे प्रमाण दुप्पट होते. सकाळची वर्दळ बहुधा हा थर मोडण्यापूर्वीच सुरू होते. म्हणून थंडीतील पहाटेचा फेरफटका वाटतो तितका निर्मळ नसतो.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर उच्च दाबाचे (हवा खाली दाबणारे आणि वारा मंदावणारे) क्षेत्र ठाण मांडून बसले आणि कोळशाचा धूर धुक्यात अडकून राहिला. त्यातील मृत्यूंचा तत्कालीन अंदाज सुमारे ४,००० होता. पुढील अभ्यासात तो १२,०००पर्यंत गेला. कोळसा तर आदल्या आठवड्यातही जळतच होता.

पाऊस हवा धुतो, हे अर्धेच खरे आहे. जाड धूळ थेंबांना सहज चिकटते. पण साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटर आकाराचे, फुप्फुसांत खोलवर शिरणारे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि बरेचसे निसटतात. पावसाळ्यातील स्वच्छ हवेचे बरेच श्रेय वाऱ्याचेही असते. त्यामुळे हिवाळ्यातील आकडे पावसाळ्यातील आकड्यांशी ताडून एखाद्या उपाययोजनेचे यश मोजणे मला फसवे वाटते.

जमिनीलगत प्रदूषक ठरणाऱ्या ओझोन वायूची तऱ्हा मात्र उलटी आहे. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (सहज वाफ होणारी कार्बनयुक्त रसायने) यांच्यावर प्रखर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो, म्हणून उन्हाळ्यातील दुपारी त्याचे प्रमाण वाढते. भर रहदारीत ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला लगेच नष्ट करते, त्यामुळे शहराच्या मध्यापेक्षा वारा ज्या बाजूला वाहत जातो तिथल्या उपनगरांत तो अनेकदा जास्त आढळतो.