ट्रॅव्हल ट्रेलरसोबत सायकली नेणं

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे हिचला, म्हणजे ओढण्यासाठी बसवलेल्या जोडणीला, अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, आणि त्याच्यासोबत सायकली कुठे नि कशा न्यायच्या हा अमेरिका-कॅनडातल्या कॅम्पिंगवाल्यांचा जुना डोकेदुखीचा विषय आहे. ब्रिटन आणि युरोपात ह्याच ट्रेलरला कॅरॅव्हॅन म्हणतात. नुसती कार असेल तर काम सोपं असतं, मागच्या हिचमध्ये रॅक खुपसायचा, सायकली चढवायच्या की निघालात, पण ट्रेलर जोडला की तो हिच अडकतो आणि मग सायकली जाणार कुठे? सगळ्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ट्रेलरच्या पाठीचा, कारण तिथे एवढी मोठी जागा रिकामी दिसते आणि खाली बंपरही असतो. नेमकी तीच जागा सगळ्यात वाईट. का वाईट ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं, म्हणून आधी तेच.

उलाळ होणारी गाडी

ज्यांनी लहानपणी बैलगाडी बघितलीये त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त भरला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायला लागतं. माल पुढे जास्त झाला तर जू मानेवर जड होतं. गाडीवान म्हणूनच पोती मागे-पुढे सरकवून अंदाज घेतो. ट्रेलरचं अगदी तस्संच आहे, फक्त बैलांच्या जागी पिकअप ट्रक आणि मानेच्या जागी हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं तो गोळा.

ट्रेलरचं तोंड बॉलवर जेवढं वजन टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेत हे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं असा नियम सांगतात. 10 च्या खाली गेलं की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, ह्याला स्वे म्हणतात. एखादा मोठा ट्रक बाजूने सणकन गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा उतारावर वेग वाढला की झोके सुरू होतात, आणि वाढत गेले तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन पलटी होऊ शकतो.

आता हिशेब करून बघा. समजा ट्रेलर 2500 किलोचा आहे आणि टंग वेट 300 किलो, म्हणजे 12 टक्के, एकदम छान. बॉलपासून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापर्यंत 5 मीटर अंतर आणि चाकांपासून मागच्या रॅकपर्यंत 4 मीटर. रॅकवर दोन ई-बाईक्स, प्रत्येकी 30 किलो, आणि रॅक स्वतः 25 किलोचा, मिळून 85 किलो. 85 गुणिले 4 भागिले 5 म्हणजे 68 किलो वजन बॉलवरून उचललं गेलं. उरले 232 किलो, आणि ट्रेलर तर आता 2585 किलोचा झाला, म्हणजे 12 टक्क्यांचे सरळ 9 टक्के झाले. दोन सायकलींनी! आणि घरासमोर उभ्या ट्रेलरकडे बघून हे अजिबात कळत नाही, तो आपला शांत उभा असतो.

ह्यात अजून एक गोष्ट भर घालते. झोका घेताना शेपटावरचं वजन किती जड पडतं हे अंतराच्या वर्गावर ठरतं, म्हणजे चाकांपासून 2 मीटरवरची सायकल 4 मीटरवर नेली तर ती चौपट त्रास देते. म्हणून "पुढे पाण्याची टाकी भरून बॅलन्स करतो ना" हे उत्तर अर्धवट आहे, त्याने टंग वेट परत येतं पण दोन्ही टोकांना वजन ठेवलेली काठी एकदा फिरायला लागली की थांबवायला अवघड जाते, तो प्रॉब्लेम तसाच राहतो.

बंपर नावाचा पोकळ पाइप

बहुतेक अमेरिकन ट्रेलरना मागे जो बंपर असतो तो म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ पाइप, पातळ पत्र्याचा. त्याचं खरं काम सांडपाण्याचा पाइप आत ठेवायचं आहे, दोन्ही टोकांना टोपणं असतात ती त्यासाठीच. कारच्या बंपरसारखी मजबूत वस्तू समजून लोक त्याला क्लॅम्पवाला रॅक लावतात, अनेकदा तिथे स्टेपनीही आधीच टांगलेली असते, आणि मग काही हजार किलोमीटरनंतर वेल्डिंगला चीर पडते. बंपर एका दिवसात तुटत नाही. तार वाकवत राहिलं की तुटते तसं होतं, प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं. कित्येक ट्रेलर कंपन्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात की बंपरला सायकल रॅक लावू नका, पण मॅन्युअल वाचतो कोण.

कारच्या मागे छान चालणारा महागडा रॅक ट्रेलरच्या मागे का मोडतो हाही इथलाच मुद्दा. कारला शॉक अॅब्सॉर्बर असतात, बऱ्याच ट्रेलरना नुसत्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. त्यात मागचं टोक चाकांपासून लांब, त्यामुळे चाक दोन इंच उडालं तर शेपूट त्याहून कितीतरी जास्त उडतं आणि रॅकवरच्या सायकली चाबकासारख्या हलतात. म्हणून थुले, याकिमा वगैरे कंपन्यांचे बरेचसे रॅक ट्रेलरवर वापरायला मनाई असते, वापरला आणि मोडला तर वॉरंटी नाही. ट्रेलरसाठी मंजूर असं लिहिलेले रॅक वेगळे मिळतात, तेच घ्यायचे, आणि त्यातही ट्रेलरवर लावल्यावर किती वजन चालतं तो आकडा वेगळा दिलाय का ते बघायचं. मागेच लावायच्या असतील तर बंपरला हात न लावता ट्रेलरच्या मुख्य चॅसीच्या दोन्ही रेल्सना 2 इंची रिसीव्हर, म्हणजे रॅक खुपसायची चौकोनी नळी, बोल्ट किंवा वेल्ड करून घ्यायचा, तोही ज्याला ट्रेलरचं काम येतं अशा फॅब्रिकेटरकडून. उलाळचं गणित मात्र त्याने बदलत नाही.

मग ठेवायच्या कुठे

पिकअप ट्रक असेल तर त्याचा हौदा सगळ्यात उत्तम. वजन ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या पुढे येतं, ट्रेलरचा काही संबंधच राहत नाही. फक्त पुढची चाकं टेलगेटवरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून, बाहेर लोंबत ठेवायची फॅशन इथे चालत नाही, कारण वळताना ट्रेलरचं नाक जवळ येतं आणि चाक चेपतं. फिफ्थ व्हील ट्रेलर ट्रकच्या हौद्यातच जोडतात, त्यामुळे त्या लोकांचा हौदा हिचनेच भरलेला असतो, त्यांना बहुतेक मागे रिसीव्हरच लावावा लागतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की फिफ्थ व्हीलचं पुढचं वजन मुळातच जास्त असतं, साधारण 15 ते 25 टक्के, आणि ते ट्रकच्या मागच्या अॅक्सलच्या डोक्यावर पडतं, त्यामुळे तो ट्रेलर तसाही शांत चालतो.

ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर, जमिनीवर आडव्या किंवा उभ्या बांधून नेणं हा फुकटचा आणि चांगला उपाय आहे. वैताग एवढाच की पोचल्यावर आधी सायकली बाहेर काढल्याशिवाय आत चहा करता येत नाही, आणि चेनचं काळं ग्रीस एकदा गादीला लागलं की ते घरच्यांकडून आयुष्यभर ऐकावं लागतं. जुनी चादर टाका.

ट्रेलरच्या पुढे, जिथे त्रिकोणी ए-फ्रेमवर गॅसच्या टाक्या आणि जॅक असतो, तिथे लावायचे खास रॅक मिळतात. लिपर्ट कंपनीचा जॅक-इट नावाचा रॅक आहे, तो जॅकला धरून बसतो आणि दोन सायकली उभ्या धरतो. युरोपात थुले आणि इटलीच्या फियामाचे असेच दांड्यावर बसणारे रॅक आहेत. उलाळचा प्रश्न इथे उलटा होतो. वरच्याच उदाहरणातले 85 किलो बॉलच्या 70 सेंटिमीटर मागे ठेवले तर टंग वेट 73 किलोने वाढतं, 300 चे 373 होतात, म्हणजे 14 टक्क्यांच्या वर. ट्रेलरला हे आवडतं, गाडीला आवडेलच असं नाही. एसयूव्हीच्या हिचवर टंग वेटची जी कमाल मर्यादा लिहिलेली असते ती बघितल्याशिवाय इथे काही लावू नये. युरोपात तर ही मर्यादा बऱ्याच गाड्यांना 75 ते 100 किलोच असते, तिथे दोन ई-बाईक्स पुढे ठेवल्या की कोटा जवळजवळ संपला.

दुसरी भानगड वळणाची. आमच्या पहिल्या ट्रिपला मी गॅस स्टेशनच्या पंपांमधून चिंचोळं वळण घेत होतो, बायको खाली उतरून दोन्ही हातांनी थांब थांब करतेय आणि मला वाटतंय की ती ये ये म्हणतेय. सायकलच्या हँडलचं टोक मागच्या काचेपासून चार बोटांवर होतं. त्यानंतर रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून बघायचं आणि मगच निघायचं असं ठरलं, हँडल सैल करून सायकलला समांतर फिरवलं तर बरीच जागा मिळते.

कारच्या टपावर साध्या हलक्या सायकली चालतात, 30 किलोची ई-बाईक डोक्यावर उचलून बघा म्हणजे कळेल का नको. टपाचा खरा धोका ट्रेलर जोडलेला असताना नसतो, तेव्हा माणूस उंचीचा विचार करतच असतो. ट्रेलर कॅम्पग्राउंडला सोडून मोकळ्या कारने कॉफी आणायला जातो तेव्हा टपावर सायकली आहेत हे विसरतो आणि ड्राइव्ह-थ्रूच्या कमानीला ठोकतो. गाडीच्या पुढे हिच बसवून तिथे रॅक लावणारेही आहेत, पण हेडलाइट आणि रेडिएटरची हवा अडते. ब्रॉम्प्टनसारखी घडीची सायकल असली तर ही सगळी चर्चाच नको, डिकीत टाका.

बांधणं, बघणं, चालवणं

सायकल टांगणाऱ्या रॅकपेक्षा चाकं ट्रेमध्ये बसतात तो प्लॅटफॉर्म रॅक घ्यावा. ई-बाईक असेल तर बॅटरी काढून गाडीत ठेवायची, 3-4 किलो कमी होतात आणि पावसापासूनही वाचते. सायकलवर कव्हर घालून हायवेवर जाऊ नये, ते शिडासारखं फुगतं. रिसीव्हरमधला खुळखुळाट काढणारी पिन किंवा पाचर लावायची, कारण खुळखुळाटच पुढे चीर बनतो. बोल्ट घट्ट केल्यावर बोल्ट आणि पट्टीवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे लांबूनच कळतं. पहिल्या 30-40 किलोमीटरला थांबून बघायचं, नंतर प्रत्येक थांब्याला.

वजनाचा अंदाज बांधू नये, मोजावं. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, थोड्या डॉलरमध्ये गाडीचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, ते सायकली चढवलेल्या असताना करायचं, रिकामं नाही. एवढं करूनही स्वे सुरू झालाच तर जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरच्या, म्हणजे गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायच्या यंत्राच्या, खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे.

वेगाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर कमाल 55 मैल, जर्मनीत साधारणपणे 80 किलोमीटर, ब्रिटनमध्ये मोटरवेवर 60 मैल. मागच्या सायकलींनी नंबर प्लेट आणि लाल दिवे झाकले जाऊ नयेत हे जवळजवळ सगळीकडे लागू आहे. स्पेन आणि इटलीत मागे बाहेर आलेल्या सामानावर 50 बाय 50 सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चमकणारी पाटी लावावी लागते. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, पण आपल्याकडे दिसतात त्या कॅरॅव्हॅन बहुतेक एकसंध गाड्या, ओढायचे ट्रेलर क्वचित, त्यामुळे पुण्यातून महाबळेश्वरला सायकली नेणाऱ्यांचा प्रश्न अजून डिकीवर पट्ट्यांनी बांधायच्या रॅकपुरताच आहे.

मॅकिनॉचं उदाहरण

मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सगळी कसरत बहुतेक मॅकिनॉ बेटासाठी करावी लागते. तिथे 1898 पासून मोटारगाड्यांना बंदी आहे, घोडागाडी नाहीतर सायकल, आणि बेटाभोवतीचा एम-185 हा 13 किलोमीटरचा रस्ता सायकलवाल्यांचाच. डेट्रॉईटहून आय-75 ने साडेचारशेच्या वर किलोमीटर, मॅकिनॉ सिटीला ट्रेलर लावायचा आणि सायकली फेरीवर चढवायच्या. मुक्काम पलीकडे सेंट इग्नेसला असेल तर मधे 8 किलोमीटरचा मॅकिनॉ ब्रिज, आणि वारा जोराचा असला की उंच गाड्या आणि ट्रेलरवाल्यांना तिथे हळू किंवा थांबून जावं लागतं, त्या वाऱ्यात शेपटावर 85 किलो असणं म्हणजे काय ते बसल्याजागी कळतं. आणि गंमत अशी की ज्या जड ई-बाईक्ससाठी रॅक, रिसीव्हर आणि हिशेब असा सगळा खटाटोप केला, त्यांना बेटावर बंदी आहे, चालण्याफिरण्याची अडचण असलेल्यांना फक्त पेडल मारल्यावरच मदत करणाऱ्या प्रकाराची सूट आहे. बाकीच्यांनी घरातली साधी 12-13 किलोची सायकल घेऊन यायची, जी ट्रेलरच्या आत चादरीवर आरामात मावते.