नूडल्स शिजतात ते कारखान्यातच

इन्स्टंट नूडल्सचं पाकीट फोडलं की हाती येणारी वडी आधीच शिजलेली आणि बहुतेकदा तळलेलीही असते. आपण घरी तिला फक्त पुन्हा भिजवतो.

सुरुवात मैद्यापासून होते. शंभर किलो मैद्याला पाणी जेमतेम ३०-३५ लिटर, पोळीच्या कणकेच्या निम्मंच म्हणा. त्यामुळे गोळा होत नाही, भुरभुरीत चुराच राहतो. पाण्यात मीठ आणि सोडियम-पोटॅशियमचे कार्बोनेट क्षार असतात. हे पापडखाराचेच भाऊबंद. त्यांच्यामुळे ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिकट प्रथिन, घट्ट होतं आणि मैद्याला पिवळसर झाक येते. नूडल्सचा चिवटपणाही त्यातूनच येतो.

हा चुरा रुळांखाली दाबून लांबच लांब पट्टा करतात आणि लाटत लाटत त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास आणतात. मग खाचांच्या रुळांतून त्याच्या बारीक तारा निघतात. खरी गंमत इथे आहे. तारा ज्या वेगाने बाहेर पडतात त्याहून खालचा सरकता पट्टा मुद्दाम हळू ठेवलेला असतो. मागून रेटा आणि पुढे जागा नाही, म्हणून तारा वळ्या घालत बसतात. नागमोडी आकार येतो तो एवढ्यानेच! या वळ्यांमुळे तारा एकमेकींना चिकटत नाहीत, आणि वाफ व तेल मधून खेळतं राहतं.

पुढे एक ते पाच मिनिटं वाफ. पिठातला स्टार्च फुगतो, म्हणजे नूडल्स शिजल्या. मग तुकडे कापून, साच्यात घालून १४० ते १६० अंशांच्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. तळणं हे चवीपेक्षा वाळवण्यासाठी. मोमोफुकु आंदो यांनी जपानमध्ये १९५८ साली बाजारात आणलेल्या पहिल्या इन्स्टंट नूडल्सचं मर्म हेच होतं. पाण्याची झपाट्याने वाफ होऊन ओलावा एक तृतीयांशावरून दोन-पाच टक्क्यांवर येतो आणि वाफ निसटते तिथे सूक्ष्म छिद्रं राहतात. आपल्या पातेल्यातलं उकळतं पाणी याच छिद्रांतून आत शिरतं. गरम हवेवर वाळवलेल्या नूडल्समध्ये छिद्रं कमी, म्हणून त्या शिजायला जास्त वेळ घेतात.

तळताना काही छिद्रांत तेलही शिरतं. वडीच्या वजनात ते १५ ते २० टक्के भरतं. नूडल्सवर मेणाचा थर असतो, ही फॉरवर्ड होत राहणारी गोष्ट साफ खोटी. पाण्यावर तरंगतो तो तवंग या तेलाचाच. इतक्या कोरड्या वडीला बुरशी सहसा लागत नाही, पण तेल मात्र हवेने खवट होतं. पाकिटावरची मुदत मुख्यतः त्याचीच.