बीपी नॉर्मल आहे, पण श्वास मोजला का?

भातलावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) पेशंट यायला लागतात. उंदराच्या, गुरांच्या लघवीतून जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायाला कुठे चीर, जखम असली की तिथून अंगात शिरतात. बहुतेकांना ताप येतो, पोटऱ्या दुखतात आणि वेळेवर औषध मिळालं की ते बरे होऊन घरी जातात, पण काहींची किडनी किंवा फुफ्फुसं बघता बघता बिघडतात. मग वॉर्डात तापाचे दहाजण झोपलेले असताना त्यातला बिघडणारा कोण हे आधी ओळखायचं कसं?

पेशंट 'अचानक गेला' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते अचानक नसतं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हॉस्पिटलात असतानाच हृदय बंद पडलेल्या 64 पेशंटच्या नोंदी तपासल्या, तर त्यातल्या 84 टक्के लोकांची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत चालल्याचं कागदावर लिहिलेलं होतं. पण त्या नोंदी एकत्र करून कोणी बघितल्या नव्हत्या.

यावर उपाय म्हणून स्कोअर आले. 1997 मध्ये इंग्लंडमध्ये पहिला साधा स्कोअर मांडला गेला, 2012 मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो देशभरासाठी एकसारखा केला आणि 2017 मध्ये सुधारला, त्याला न्यूज-2 म्हणतात. श्वासाची गती, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, वरचं बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध या सहा गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला 0 ते 3 मार्क द्यायचे, पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर वर 2 मार्क, आणि बेरीज करायची.

एक पेशंट घेऊ. श्वास मिनिटाला 24, ऑक्सिजन 95, बीपी 104, नाडी 108, ताप 38.6 सेल्सिअस, बोलतोय नीट. एकेक आकडा बघितला तर कोणी घाबरणार नाही, ताप आहे म्हणून नाडी वाढली असेल, सलाईन चालू आहे, होईल बरं. पण मार्क मांडा, श्वासाचे 2, शुद्धीचा शून्य, बाकी चौघांचा एकेक, झाले 6. पाच किंवा सहा आले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि निदान दर तासाला पुन्हा मोजायचं असा नियम आहे, सात आणि वर गेलं तर इमर्जन्सी. हाच माणूस तासाभराने असंबद्ध बोलायला लागला, तर त्याचे एकदम 3, म्हणजे 9.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते श्वासाकडे. बीपी आणि नाडी मशीन दाखवतं, श्वास मात्र माणसाने उभं राहून मोजावा लागतो, आणि एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल तर ती तरी कुठे कुठे पुरणार, मग बऱ्याचदा अंदाजाने 18 किंवा 20 लिहिलं जातं. पण शरीर आतून ढासळायला लागलं की बऱ्याचदा आधी हाच आकडा हलतो. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात आम्ल साचतं, ते कमी करायला शरीर भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. बीपी मात्र रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात पळवून बराच वेळ सावरून धरलं जातं, तरुण माणसात तर जास्तच. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' एवढ्यावर निर्धास्त राहणं मला धोक्याचं वाटतं.

नुसतं नीट बघण्याने किती जीव वाचतात याचं उदाहरण कोकणातच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या. उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, ही लक्षणं ज्याला दिसतात त्याच्या हृदयावर परिणाम होणार आणि फुफ्फुसात पाणी भरणार, हे त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. धोका कोणाला हे कळलं म्हणून प्राझोसिन हे बीपीचं साधं औषध वेळेत देता आलं, आणि जिथे गंभीर पेशंटपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे तिथे ते प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं.

आपल्याकडे मोठं आयसीयू गाठायचं म्हणजे बऱ्याचदा घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोव्याला बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, त्यात पाऊस, दरड. त्यामुळे इथे स्कोअर सहा असतानाच गाडी बोलवायचा विचार सुरू व्हायला हवा, नऊ झाल्यावर निघालेला पेशंट वाटेतच हातचा जाऊ शकतो.

पेशंटजवळ बसलेल्या घरच्यांनाही श्वास मोजता येतो. तो शांत पडलेला असताना, न सांगता (सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो), घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसाचा आकडा 12 ते 20 मध्ये असायला हवा, 25 किंवा जास्त आला तर सिस्टरला आकड्यासकट लगेच सांगा. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया यांना हा स्कोअर लावायचा नाही, त्यांचे वेगळे आहेत. आणि रेफरच्या चिठ्ठीवर 'पेशंट सिरीयस' एवढंच न लिहिता सहाही आकडे, स्कोअर आणि मोजल्याची वेळ लिहून मागा, म्हणजे पुढच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला वाटेत तब्येत किती घसरली हे पहिल्या मिनिटात कळेल.