लष्कराच्या भाकऱ्या कोणाच्या अंगी लागतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या समोरच्या काकांनी एक पिल्लू उचलून आणलं. नाशिकमध्ये द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली, बंद टपरीच्या आडोशाला भिजत बसलेलं. सहा आठवड्यांचं असेल नसेल, कानांत गोचीड, पोट नगाऱ्यासारखं. काका एसटीतून निवृत्त झालेले, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरणारे. चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि मग देऊन टाकायचं, असा तह त्यांनी काकूंशी केला. पुण्याहून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुमची हौस कधी जाणार?"

हा वाक्प्रचार आपण टोमणा मारायलाच वापरतो. पीठ आपलं, चटके आपल्या हाताला आणि जेवून जाणार भलताच. पण गेली काही दशकं शास्त्रज्ञांची एक जमात नेमका उलटा प्रश्न घेऊन बसली आहे. भाजणाऱ्याच्या अंगी यातलं काही लागतं का? लागत असेल तर किती, आणि का?

काका करत होते तशा कामाची अमेरिका-युरोपात रीतसर व्यवस्था आहे, फक्त हेतू वेगळा. अंध माणसाला रस्ता पार करून देणारा किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणारा कुत्रा तयार करायचा, तर त्याचं बालपण पिंजऱ्यात जाऊन चालत नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला अशा वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. म्हणजे या भाकऱ्या सुरुवातीला खरोखरच लष्कराच्या होत्या! अमेरिकेत १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली आणि १९४२ पासून तिची पिल्लं साध्या कुटुंबांत वाढू लागली. आजही पद्धत साधारण तीच आहे. आठ आठवड्यांचं पिल्लू स्वयंसेवकाच्या घरी येतं आणि वर्ष-सव्वा वर्षाचं, कधी दीड वर्षाचं होऊन परत जातं. रस्ता कसा पार करायचा, हे घरच्यांनी शिकवायचं नसतं. ते काम पुढे प्रशिक्षक करतात. घरच्यांनी त्याला फक्त जग दाखवायचं. लिफ्ट, जिना, बाजार, दवाखाना, रडणारं मूल. हॉटेलात टेबलाखाली तासभर गप्प बसायचं आणि सांगितल्यावर शू करायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण यामागे घड्याळाशी शर्यत असते. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत विसाव्या शतकाच्या मध्याला पिल्लांवर दीर्घकाळ प्रयोग झाले. त्यांतून दिसलं की वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची एक खिडकी उघडी असते. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं वाटतं. खिडकी मिटल्यावर भेटलेली नवी गोष्ट आधी धोक्याची ठरते. आता पेच असा, की 'नाइन इन वन' लशीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. ते पुरे होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती, म्हणून इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडायचं नाही. खिडकी चौदाला मिटणार, दार सोळाला उघडणार!

काकांनी यावर तोडगा काढला तो काकूंच्या भाजीच्या पिशवीचा. तिच्यात तळाला जुना टॉवेल, त्यावर पिल्लू, बाहेर फक्त डोकं. गणपती जवळ आलेले, त्यामुळे गंगापूर रोडला संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू होता. पहिल्या दिवशी काका दोन गल्ल्या अलीकडेच थांबले. ढोलाचा नुसता घुमारा ऐकू येत होता. पिल्लाने कान टवकारले, काकांनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे केला. दुसऱ्या दिवशी एक गल्ली पुढे. ताशाची तर्री सुरू झाली तशी पिशवी थरथरली. काका चार पावलं मागे आले, थांबले, पुन्हा अंडं. आठवड्याभरात ते पथकापासून पन्नास पावलांवर उभे होते आणि पिल्लू पिशवीत घोरत होतं. कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं त्यांना, पण प्राण्याच्या मनातली भीती काढायची शास्त्रातली रीत हीच: भीती सुरू होण्याच्या अलीकडच्या अंतरावर थांबायचं आणि तिथे काहीतरी गोड घडवायचं.

लाड मात्र बेताने. 'द सीइंग आय'च्याच पिल्लांवर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या आया पिल्लांना सतत चाटत, कवटाळत बसल्या, त्यांची पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त नापास झाली. ज्या उभ्या राहून दूध पाजत आणि पिल्लांना थोडी धडपड करायला लावत, त्यांची पिल्लं जास्त टिकली. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यासाठी विद्यापीठ कशाला हवं!

आता भाजणाऱ्याकडे येऊ. मला सगळ्यांत भावलेला अभ्यास कुत्र्यांचा नाही, शाळेचा आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 'एक्सपिरियन्स कोअर' नावाचा उपक्रम होता. साठीच्या पुढच्या लोकांनी सरकारी प्राथमिक शाळेत आठवड्याला १५ तास द्यायचे. पोरांना वाचायला शिकवायचं, लायब्ररी लावायची, मधल्या सुट्टीतली भांडणं सोडवायची. संशोधकांनी इच्छुकांमध्ये जणू चिठ्ठ्या टाकल्या; काहींना शाळेत पाठवलं, काहींना नाही. त्यांतल्या १११ जणांच्या मेंदूची दोन वर्षांत पुन्हा पुन्हा चित्रं घेतली. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी निगडित भाग वयाबरोबर आकसत जातो. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये तो आकसण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला, न जाणाऱ्यांमध्ये वयाप्रमाणे घटलेला. बायकांमध्ये फरक इतका ठळक नव्हता. याचं कारण मी माझ्यापुरतं लावलं आहे: नवरा निवृत्त होतो, बायको होत नाही. हे संशोधकांचं मत नव्हे, आमच्या गल्लीचं निरीक्षण.

शाळेत असं काय होतं? तीस पोरांची नावं लक्षात ठेवायची, ठरल्या वेळी पोचायचं, जिने चढायचे, कालच्या रुसलेल्याला आज हसवायचं. शब्दकोड्यापेक्षा हा व्यायाम भारी, कारण शब्दकोडं अर्ध्यावर सोडलं तर कोणी रडत नाही.

तरुणांवरही प्रयोग झालेत. कॅनडात दहावीतल्या १०६ मुलामुलींपैकी निम्म्यांना दोन महिने आठवड्यातून एकदा लहान मुलांसोबत काम करायला पाठवलं. २०१३ साली निष्कर्ष आले: जाऊन आलेल्यांच्या रक्तात दाह दाखवणारं इंटरल्युकिन-६ कमी, कोलेस्टेरॉल कमी, वजनही थोडं आटोक्यात. त्यातही ज्यांची दुसऱ्याचं दुःख समजण्याची वृत्ती जास्त वाढली, त्यांचा फायदा जास्त.

एवढं वाचून उद्यापासून रामकुंडावर झाडू घेऊन जाणार असाल तर जरा थांबा. स्वयंसेवा करणारे जास्त जगतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. अशा पाहण्या एकत्र केलेल्या २०१३ च्या एका आढाव्यात मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी कमी भरला. पण पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. ज्याचे गुडघे धड, खिशात चार पैसे आणि मनात उमेद, तोच मुळात सेवेला बाहेर पडतो. मग तो सेवेमुळे धडधाकट, की धडधाकट म्हणून सेवेत? त्याच आढाव्याने स्पष्ट लिहिलं की प्रत्यक्ष प्रयोगांनी हा फायदा ठामपणे सिद्ध केलेला नाही. उत्तर अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून सहा महिने सेवेला लावलं, तेव्हा त्यांच्या सुखसमाधानात न जाणाऱ्यांपेक्षा काहीच फरक पडला नाही. वर्तमानपत्रांत 'सेवा करा, आयुष्य वाढवा' असे मथळे येतात, त्यांत हे कधी छापून येत नाही.

आणि हेतूचं काय? विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या हजारो लोकांचा माग संशोधक दशकानुदशकं ठेवत आले आहेत. त्यांच्यातल्या स्वयंसेवकांना विचारलं, तुम्ही हे का करता? 'दुसऱ्यांसाठी' म्हणणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यू कमी आढळले. 'मला बरं वाटावं म्हणून' म्हणणारे आणि सेवा न करणारे यांच्यात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे हा लेख वाचून बीपी उतरवायला निघालात, तर कदाचित उतरणार नाही. पंचाईतच आहे.

माझा अनुभव याला थोडा छेद देतो. कॉलेजात असताना मी एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक झालो, ते केवळ प्रमाणपत्रासाठी. पेपर अकाउंटन्सीचा. "पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे नावे, उजवीकडे जमा," तो सांगत होता. मी रेघ मारली, ती तिरकी गेली, आणि तो म्हणाला, "पुन्हा मार, तिरकी गेली." पट्टी घसरल्याचा आवाज त्याने ऐकला होता. अडीच तास मी इतक्या एकाग्रतेने बसलो, तितका स्वतःच्या परीक्षेलाही कधी बसलो नव्हतो. प्रमाणपत्र कुठे गेलं कोण जाणे. पुढच्या वर्षी त्याचा फोन यायच्या आधीच मी तारखा विचारल्या. हेतू आत शिरताना एक असतो, बाहेर पडताना दुसरा. प्रश्नावलीत हे कसं मावणार?

माझा कयास असा की औषध 'सेवा' या शब्दात नाही, कोणीतरी ठरलेल्या वेळी आपली वाट बघतंय यात आहे. पन्नाशीपुढच्या अमेरिकनांच्या एका अभ्यासात, वर्षाला किमान २०० तास देणाऱ्यांना पुढच्या चार वर्षांत उच्च रक्तदाब होण्याची शक्यता कमी दिसली. त्याहून कमी तास देणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही. २०० तास म्हणजे आठवड्याला चारेक. अनंत चतुर्दशीला गोदाकाठी निर्माल्य गोळा करणं चांगलंच, पण ते वर्षातून एकदा. त्यापेक्षा सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर लोकांनी उभ्या केलेल्या देवराईत दर रविवारी पाणी घालायला जाणाऱ्याचा हिशेब या तासांशी जुळतो. आणि पिल्लू तर रविवारही पाळत नाही. पहाटे साडेपाचला ओलं नाक पायाला लागलं की उठायचं, पाऊस असो की गुडघा असो.

शिवाय पिल्लू बघतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ टक लावून पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई-बाळाच्या नात्यातलं हेच संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांसोबत तसं घडलं नाही. शाळेतली पोरं, डोंगरावरची झाडं यांतलं काही देतात, काही देत नाहीत. पिल्लू ऑक्सिटोसिन देतं, चालायला लावतं आणि अनोळखी माणसांशी बोलायला लावतं. चार वर्षं ज्यांच्याशी नुसतं मानेने रामराम व्हायचा, त्या दूधवाल्याला काका आता पिल्लाच्या शीचा रंग सांगत.

एक सूचना इथेच देतो. रस्त्यावरची पिल्लं हाताळायची असतील तर आधी डॉक्टरांना विचारून स्वतः रेबीजची लस घ्या. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद-चुना नको.

शेवटी पिल्लू द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात अशा स्वयंसेवकांच्या सविस्तर मुलाखती झाल्या आहेत; निरोपाच्या दुःखाचं वर्णन त्यांनी घरातलं माणूस गमावल्यासारखं केलं. वर अनेक संस्थांत निम्म्याच्या आसपास पिल्लं अंतिम परीक्षेत उतरतच नाहीत. तरीही बरेच जण दुसरं पिल्लू घेतात.

आमच्या पिल्लाला ओझरला घर मिळालं. ते लोक गाडी घेऊन आले. काकांनी लशीचं कार्ड, टॉवेल आणि अर्धी वापरलेली गोचिडाची पावडर एका डब्यात भरून दिली. पिशवी दिली नाही. गाडी वळली तशी काकू आत निघून गेल्या आणि काका उगाच गेटची कडी तपासत राहिले.

काही दिवसांनी मी खवचटपणे विचारलं, "काका, एवढे दिवस सेवा केलीत, बीपी उतरलं का?"

"गोळी तीच, डोस तोच," काका म्हणाले. "पण त्याला सकाळी खायला घातलं की माझी गोळी आठवायची. एकदा चुकली नाही."

त्याच आठवड्यात काकूंनी गॅलरीतून हाक मारली. "अरे, कुणाकडे पिल्लू असेल तर सांग रे. हे परवापासून दोनदा गोळी विसरले."